तीनचा खेळ

महोत्सवाच्या अर्जात ‘आपण कोण?’ असा प्रश्न होता आणि त्याखाली निवडायला पाच उत्तरं होती : विद्यार्थी, चित्रपटकर्मी, पत्रकार, समीक्षक, इतर. बाल्कनीकाकांनी जवळचा चष्मा नाकावर नीट बसवला, पाचही उत्तरं दोनदा वाचली आणि ‘इतर’वर बोट ठेवलं. लगेच नवी चौकट उघडली : ‘इतर म्हणजे कोण?’ काकांनी एकेक अक्षर शोधत ‘प्रेक्षक’ असं लिहिलं. चौकट लाल झाली. ‘ही माहिती ग्राह्य नाही.’

चार हजारांच्या आसपास सिनेमे रांगेत उभं राहून बघितलेल्या माणसाला प्रेक्षक म्हणून अग्राह्य ठरवणं म्हणजे काय, हे त्या यंत्राला कळायचं कारण नव्हतं. काकांनी ‘सिनेमा बघणारा’ असं लिहिलं. लाल. ‘जुना प्रेक्षक’. लाल. शेवटी वैतागून ‘निवृत्त’ असं लिहिलं. यावर यंत्र थोडं विचारात पडलं आणि मग सगळा अर्जच पुसून पहिल्या पानावर जाऊन बसलं.

काकांच्या घराला बाल्कनी नव्हती. नाव पडलं ते सिनेमामुळे. सिनेमा बघायचा तर बाल्कनीतून, शेवटच्या रांगेतून, आणि नावांच्या पाट्या सुरू झाल्यापासून पाट्या संपेपर्यंत, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षकाची. दुकानदारांचे तराजू उलटे करून बघण्यात हयात गेल्यामुळे सिनेमासुद्धा ते मापूनच घेत. जाहिरातीत दोन तास चोवीस मिनिटं लिहिली असतील आणि थेटरात दोन तास सतराच भरली, तर दुसऱ्या दिवशी थेटरच्या मॅनेजरला पत्र जाई : ‘आपण सात मिनिटे कमी दिलीत, खुलासा करावा.’ अशा पत्रांच्या नकलांची त्यांच्याकडे जाडजूड फाइल होती. खुलासा एकाही मॅनेजरने केला नव्हता.

त्यांना लांबचं दिसत नसे. चार हातांवरचा माणूस ओळखायचा तो आवाजावरून. त्यासाठी त्यांच्याकडे उत्तम लांबचा चष्मा होता, पण तो ते फक्त सिनेमाला लावत. एरवी रस्त्याने अंदाजाने चालत, बसचा नंबर शेजारच्याला विचारत, लग्नसमारंभात भलत्याच माणसाला नमस्कार करत. काकू म्हणायच्या, “अहो, चष्मा आहे तर लावा की!” त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं : “रस्त्यात बघण्यासारखं असतं काय?”

माहितीपटांचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा होता. सिनेमात माणसं खोटी मरतात म्हणून तर आपण बघायला जातो, असं त्यांचं म्हणणं. खरी मरणारी माणसं बघायला अंधारात कशाला बसायचं? ती उजेडातही भरपूर दिसतात.

असा माणूस माहितीपट महोत्सवाचा अर्ज भरायला बसला, त्याला कारण एका सिस्टरचा फोन होता.

“काका, ओळखलंत का? मी वॉर्डातली. त्या कॅमेरावाल्या मुलीचा सिनेमा लागतोय. आम्हा सिस्टरांवरच आहे. पण काकू आहेत त्यात.”

“आहेत म्हणजे? मागे कुठे दिसतात का?”

“मागे नाही हो. चांगल्या बोलल्यात. बेचाळिसाव्या मिनिटाला येतात. मी बघितलाय. तुम्ही चुकवू नका.”

काकूंना जाऊन चौदा महिने झाले होते. त्याआधी सात आठवडे त्या वॉर्डातल्या सहा नंबरच्या खाटेवर होत्या. एका दुपारी गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या मुलीने संमतीपत्र काकांच्या पुढे धरलं होतं आणि त्यांनी त्यावर सही केली होती. उलटं करून बघितल्याशिवाय तराजूसुद्धा पास न करणाऱ्या या माणसाने तो कागद वाचलाही नव्हता. त्याच सकाळी डॉक्टरांनी त्यांना रिपोर्ट समजावून सांगितला होता, आणि त्या दिवशी त्यांनी समोर आलेल्या कुठल्याही कागदावर सही केली असती.

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ उभेच राहिले. कारण असं होतं, की घरात काकूंचे फोटो होते, पण हलत्याबोलत्या काकू कुठेही नव्हत्या. आणि हा दोष सर्वस्वी काकांचा होता. मुलगी फोन उंचावून आईचं चित्रीकरण करायला लागली की यांच्यातला रसिक खवळून उठायचा. “उजेड मागून येतोय! हात हलतोय! असं शूटिंग करतात का? एक दिवस नीट करू, व्यवस्थित.” तो व्यवस्थित दिवस कधी उगवला नाही. मुलीच्या फोनमध्ये आईचं एकुलतं एक चित्रीकरण उरलं होतं. त्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर येत काहीतरी बोलायला तोंड उघडतात, तेवढ्यात एक भलामोठा पंजा पुढे येऊन सगळं झाकतो आणि काकांचा आवाज येतो, “आधी उजेड बघ.” एकूण लांबी चार सेकंद. काकांनी मोजली होती.

त्यांनी मुलीला फोन केला. ती दूरगावी असे. ती म्हणाली, “बाबा, माझ्याने नाही बघवणार. तुम्ही बघा. आणि मला सांगा, कशी दिसत होती ते. सगळं सांगा.”

सगळं सांगणं. इथेच तर काकांचं दुखणं होतं, आणि ते त्यांनी मुलीलाही सांगितलेलं नव्हतं.

त्या सात आठवड्यांत काकू रोज अडीच वाजता त्यांना वॉर्डातून हाकलत. “जा, तीनचा खेळ बघून या. इथे बसून माझं तोंड काय बघताय? या, आणि मला गोष्ट सांगा.” काका निघत. पहिल्या दिवशी ते खरोखरच थेटरच्या दारापर्यंत गेले. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे पाय आत जाईनात. परत येऊन ते हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, जिथे धुतलेल्या चादरी वाळत घालत, तिथल्या बाकावर बसले. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मग रोज तिथेच. साडेपाचला वर जाऊन ते न बघितलेल्या सिनेमाची गोष्ट सांगत. जुन्या शंभर सिनेमांचे तुकडे जोडून, तोंडाला येईल ते. काकू उशीवर कुशीला वळून, गालाखाली हात घेऊन ऐकत. काका अडखळले की म्हणत, “मग? पुढे?”

जन्मात कमी माप खपवून न घेतलेल्या माणसाने बायकोला सात आठवडे खोटा माल विकला होता, आणि ती तो खरा समजून गेली होती. शेवटी सिस्टरांनी खाटेजवळच्या खणातल्या वस्तू त्यांच्या हातात दिल्या : कंगवा, दोन टॉवेल, हातातलं घड्याळ, काकांचा लांबचा चष्मा, अर्धी राहिलेली पावडर. काकांनी सही करून सगळं पिशवीत भरलं. तेव्हापासून त्यांनी एकही सिनेमा बघितला नव्हता.

तर असा तो अर्ज होता, आणि तो लाल झाला होता.

शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना भिंतीपलीकडूनही दुसऱ्याची अडचण ऐकू येत असे. ते सल्ला घेऊन हजर झाले. काकूंचं काही काकांनी त्यांना सांगितलं नाही. नुसतंच म्हणाले, महोत्सवाला जायचंय. हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही यंत्राच्या नादी लागू नका. कचेरीत जा, माणसाशी बोला. मी येतो. तुम्ही बोलायला लागलात की लोक चिडतात.”

कचेरीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “प्रेक्षक असा प्रकार नाहीये आमच्याकडे.”

“मग हे सिनेमे बघतं कोण?”

“डेलिगेट.”

“डेलिगेट म्हणजे?”

“विद्यार्थी, चित्रपटकर्मी, पत्रकार, समीक्षक. यांपैकी काही आहात का?”

“बाई, नुसतं बघायचंय मला.”

“नुसतं बघणाऱ्यांसाठी काही सोय नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचाही नाइलाज होता. त्यांच्या रजिस्टरला तेवढेच रकाने होते.

इथे हेडमास्तरांनी शेजाऱ्याचं भलं करायचं ठरवलं. त्यांनी घरी जाऊन काकांची पत्रांची फाइल आणली आणि बाईंच्या टेबलावर आपटली. “हे समीक्षक आहेत. चाळीस वर्षांचं लेखन आहे.” बाईंनी दोन-चार पत्रं वाचली. ‘मध्यंतरानंतरचा भाग घाईघाईत उरकला आहे, खुलासा करावा.’ ‘नायकाच्या मृत्यूस अकरा मिनिटे लागतात, ती जास्त आहेत.’ बाईंचं समाधान झालं. काकांच्या गळ्यात ‘समीक्षक’ असा बिल्ला पडला. हेडमास्तरांनी त्याच झटक्यात खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढलं. मधमाशीपालनाच्या टपाली अभ्यासक्रमाला त्यांनी नाव घातलं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या गळ्यात ‘विद्यार्थी’ असा बिल्ला आला आणि ते विनाकारण ताठ चालायला लागले.

महोत्सव पाच दिवसांचा होता. सिस्टरांचा सिनेमा चौथ्या दिवशी, अकरा वाजता, एकच खेळ. पण काका पहिल्या दिवसापासून गेले. नव्या दुकानात माल घ्यायचा तर आधी दोन दिवस नुसतं उभं राहून माप बघावं, ही खात्यातली सवय.

बसायची व्यवस्था बिल्ल्याप्रमाणे होती. विद्यार्थी पुढे, समीक्षक सगळ्यात मागच्या रांगेत. काकांना वाटलं, मान दिला. मग शेजारी बसलेल्या दाढीवाल्या समीक्षकाने खुलासा केला, की समीक्षक मधेच उठून जातात, ते कोणाला दिसू नये म्हणून त्यांना दाराजवळ ठेवतात. काकांना तरीही शेवटची रांग आवडली. त्यांनी लांबचा चष्मा लावला. जवळपास सोळा महिन्यांनी पडदा स्वच्छ दिसला. त्यावर एक तळं आटत होतं.

तळं एक तास वीस मिनिटं आटलं. त्यानंतर सर्कशीतला म्हातारा हत्ती झाला. त्यानंतर बेवारस प्रेतं उचलणारा एक माणूस. हसण्याजोगं तिन्हींत काही नव्हतं. फक्त हत्तीच्या वेळी एक बाई हसली, पण ती हुंदका देत होती असं मागाहून कळलं. पहिल्या रांगेत हेडमास्तर प्रत्येक सिनेमाच्या सातव्या मिनिटाला झोपत आणि टाळ्या वाजल्या की दचकून जागे होत मोठ्याने विचारत, “कोण वारलं?” पहिल्यांदा शेजारच्या मुलीने सांगितलं, “तळं.” नंतर, “हत्ती.” तिसऱ्यांदा तिने नुसतेच हात जोडले.

सिनेमापेक्षाही काकांना असह्य झाली ती प्रश्नोत्तरं. सिनेमा संपला की दिग्दर्शक पुढे येई, माइक फिरे, आणि लोक उठून म्हणत, “माझा प्रश्न असा नाही, पण मला असं वाटतं.” काकांनी घड्याळ लावून बघितलं. माणशी सरासरी चार मिनिटं, त्यात प्रश्न शून्य. “हे तर उघड उघड कमी वजन आहे,” ते दाढीवाल्याला म्हणाले. “माणसाने उठावं तर काही विचारायला उठावं.”

तिसऱ्या दिवशी अनर्थ झाला. हेडमास्तरांच्या मते महोत्सवाला जायचं म्हणजे मुक्कामाच्या तयारीने जायचं. त्यांच्याच सल्ल्यावरून काका रोज मोठी पिशवी नेत. तीत उशी, थर्मास, शाल, छत्री, लांबचा चष्मा आणि दोघांचा डबा. त्या दिवशी डबा हेडमास्तरांनी मांडीवर घेतला होता. पडद्यावर एका दीपगृहात एक म्हातारा एकटाच बसला होता. अकरा मिनिटं कोणी बोलत नव्हतं, नुसता वारा होता. आणि सातव्या मिनिटाला, नेमाप्रमाणे, हेडमास्तरांची पकड सुटली. डब्याचं झाकण फरशीवर पडलं, उभं राहिलं, घरंगळत स्टेजच्या कडेला जाऊन आपटलं आणि स्वतःभोवती फिरत बसलं. थांबायला त्याला नऊ सेकंद लागले. हेडमास्तर जागे झाले आणि त्या शांततेत त्यांनी आपला प्रश्न विचारला.

त्या दिवशी निघताना दारावर पाटी होती : ‘उद्यापासून सभागृहात पिशव्या नेण्यास सक्त मनाई.’

चौथ्या दिवशी काकांनी दोनदा दाढी केली. कपाटातला ठेवणीतला शर्ट काढला. काकूंनीच घेतलेला होता. तेव्हा ते म्हणाले होते, हा रंग मला शोभत नाही. साडेनऊलाच ते सभागृहाच्या दारात होते. पाटी त्यांनी वाचली होती, पण हेडमास्तर म्हणाले होते, “पाट्या पहिला दिवस असतात, मग कोणी बघत नाही. शाळा चालवलीय मी.” म्हणून पिशवी बरोबर होती. जवळचा चष्मा लावून ते वेळापत्रक पुनःपुन्हा तपासत होते : अकरा वाजता, तीन नंबरचं सभागृह, लांबी बासष्ट मिनिटं.

पावणेअकराला दोन बस भरून नर्सिंगच्या मुली आल्या. त्यांच्या पुढे ती सिस्टर होती. तिने लांबून हात केला, काकांनी भलत्याच दिशेला नमस्कार केला. दार उघडलं आणि सगळा लोंढा आत घुसला. दारावरच्या माणसाने काकांची पिशवी धरली.

“ही बाहेर राहणार.”

“अहो, कालपर्यंत...”

“कालपर्यंत झाकण पडलं नव्हतं.”

काकांनी निरीक्षकाचा आवाज काढला. लेखी आदेश दाखवा म्हणाले. मागून मुलींचा रेटा आला, पिशवी हातातून सुटून टेबलापलीकडे गेली, काकांच्या हातात एक पत्र्याचं टोकन आलं, आणि ते आपोआप आत ढकलले गेले. सभागृह तोपर्यंत गच्च भरलं होतं. दाढीवाल्याशेजारची त्यांची खुर्ची तेवढी रिकामी होती. काका बसले. दिवे मंदावले. त्यांनी जवळचा चष्मा काढून खिशात ठेवला आणि लांबचा काढायला मांडीवर हात नेला.

मांडीवर पिशवी नव्हती.

पडदा उजळला होता, पण त्यावर नुसते डाग होते, पांढरे आणि हिरवे. डाग इकडून तिकडे जात होते आणि सिस्टरांच्या आवाजात बोलत होते. काका धडपडत दाराशी गेले. दाराशी बॅटरी घेऊन स्वयंसेवक मुलगी उभी होती.

“पोरी, माझा चष्मा बाहेर राहिलाय. दोन मिनिटांत येतो.”

“बाहेर जाता येईल काका. परत नाही येता येणार.”

“हा काय नियम झाला?”

“समीक्षकांसाठी आहे. परत यायचंय असं आजवर कोणी म्हणालं नाही.”

“मग तू आणून दे. हे टोकन घे.”

“मला दार सोडता येत नाही.”

“मग मला पुढे तरी बसू दे. पायरीवर बसतो.”

“पायऱ्यांवर बसायला बंदी आहे काका. आग लागली तर?”

आग लागली तर बरं होईल, निदान सगळे बाहेर तरी येतील, असं काकांच्या मनात आलं. मनातल्या मनात त्यांनी हिशेब मांडला. बाहेर गेलं तर चष्मा मिळेल आणि काकू जातील. आत राहिलं तर काकू असतील, पण दिसणार नाहीत. ते परत येऊन बसले. बेचाळिसाव्या मिनिटाला अजून वेळ होता. त्यांनी दाढीवाल्याच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं आणि लाज गुंडाळून ठेवली.

“अहो, तुमचा चष्मा देता का जरा? पाच मिनिटं.”

दाढीवाल्याने अंधारात वहीत लिहिता लिहिता मान हलवली. “प्रत्येकाने आपल्याच नजरेने बघावं,” तो म्हणाला.

काकांना त्याचा गळा दाबावासा वाटला. तेही आपल्याच हातांनी. शेवटी त्याने चष्मा दिला, पण त्याचा नंबर उलटा निघाला. जे डाग होते तेही विरघळले. काकांनी तो परत केला. पुढून हेडमास्तरांचं घोरणं ऐकू यायला लागलं. घड्याळाचे काटे अंधारात चमकत होते. काका ते डोळ्यांजवळ धरून बसले.

बेचाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर एक मोठा हिरवा डाग आला. त्याच्या वरच्या कडेला एक लहानसा गव्हाळ डाग होता. आणि तो बोलला.

“हे? हे सिनेमाला गेलेत. रोज तीनचा खेळ. मीच पाठवते.”

तोच आवाज. ‘खेळ’ म्हणताना किंचित खाली जाणारा. काकांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि डोळे इतके बारीक केले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यामुळे जे दिसत होतं तेही बुडालं.

“इथे बसले की माझ्याकडे असे बघतात, की मलाच त्यांना धीर द्यावा लागतो,” काकू म्हणाल्या. मुली हसल्या. “पण जात नाहीत हो ते.”

“म्हणजे?” हा कॅमेरावाल्या मुलीचा आवाज.

“लांबचा चष्मा इथेच असतो ना, या खणात. पहिल्याच दिवशी राहिला. त्याच्याशिवाय समोरचा हत्ती दिसत नाही त्यांना, पडदा काय दिसणार? बसत असतील कुठेतरी खाली. मग साडेपाचला येतात आणि गोष्ट सांगतात. सगळी बनवून. परवा नायिका आधी मेली आणि मग स्वतःच्या लग्नाला आली.”

सगळं सभागृह खो खो हसलं. चार दिवसांत त्या सभागृहात कोणी असं हसलं नव्हतं. काकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चार हजार सिनेमे बघितलेल्या माणसाच्या कथानकाला अनोळखी पोरी हसत होत्या. आणि त्याच वेळी छातीत काहीतरी इतकं दुखलं, की त्यांना वाटलं आता आपणच पडणार.

“मग तुम्ही त्यांना सांगत का नाही, की कळलंय म्हणून?”

“सांगून काय करू? गोष्ट बंद होईल.” काकूंनी श्वास घेतल्याचा आवाज आला. “आयुष्यभर गोड शेवटांना नाकं मुरडली यांनी. आणि आता रोज शेवट गोड करतात. रोज सगळे बरे होऊन घरी जातात. मी आपली विचारते, मग? पुढे?”

या वेळी कोणी हसलं नाही. हिरवा डाग थोडा वेळ तसाच राहिला. मग पांढरा झाला, आणि दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज सुरू झाला. तीन मिनिटं चाळीस सेकंद. काकांनी मोजली होती, मोजल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

उरलेला सिनेमा त्यांना आठवत नाही. पाट्या संपल्या, दिवे लागले, टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत हेडमास्तर दचकून उठले आणि त्यांचा आवाज घुमला, “कोण वारलं?”

मुली फिदीफिदी हसल्या. काका जागचे हलले नाहीत.

पुढे कॅमेरावाली मुलगी आली. माइक फिरला. एक गृहस्थ म्हणाले, माझा प्रश्न असा नाही. एक बाई म्हणाल्या, मला असं वाटतं. तोवर काकांचा हात वर गेला होता. आपल्या मुलीला सांगायचं होतं. सगळं सांगा, म्हणाली होती. माइक हातात आला.

“माझा प्रश्नच आहे,” काका म्हणाले. “त्या सहा नंबरच्या खाटेवरच्या बाई... त्या बोलताना हसत होत्या का?”

सभागृहात खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, हेही झोपले होते वाटतं. कॅमेरावाली मुलगी गोंधळली. “म्हणजे... तुम्ही आत्ता बघितलंत ना?”

“नाही. लांबचा चष्मा बाहेर राहिला, पिशवीत.”

हसणं एकदम थांबलं. आधी पुढच्या दोन मुली मागे वळल्या, मग सगळी रांग, मग सगळं सभागृह. दाढीवाल्याने वही मिटली. कॅमेरावाल्या मुलीने तोंडावर हात ठेवला.

“ती आमची ही,” काका म्हणाले. तसं म्हणायची गरज उरली नव्हती. “मुलीला सांगायचंय, कशी दिसत होती ते. म्हणून विचारलं.”

पहिल्या रांगेत हेडमास्तर उभे राहिले. त्यांच्या शर्टाला झोपेच्या सुरकुत्या पडल्या होत्या. त्यांनी एकदा कोऱ्या पडद्याकडे बघितलं, एकदा मागे. मग शाळेतल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, “हसत होत्या. मी पुढे होतो ना अगदी. चांगल्या हसत होत्या वहिनी.”

सभागृहात एकही माणूस असा नव्हता, ज्याने त्यांचं घोरणं ऐकलं नव्हतं. काकांनी तर सातव्या मिनिटापासून ऐकलं होतं. पण कोणी काही बोललं नाही. त्या पोरीही नाहीत. माइक अजून काकांच्या हातात होता. समोर चार हातांपलीकडे सगळंच धूसर होतं, हेडमास्तर म्हणजेही एक डागच होता, करड्या रंगाचा, उभा.

“मग?” काकांनी विचारलं. “पुढे?”

हेडमास्तरांनी सांगायला सुरुवात केली.